बनशिवाय बर्गर आणि करणारीचं ताट



आपल्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक सूर्याकडे बघून होतो. आमच्या लातूर-नांदेडकडे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. उन्हाळ्यात थोडी उसंत मिळते. हिवाळ्यात मात्र चार वाजल्यापासूनच जीव घाईला येतो. भाजी आधी करून ठेवता येते, वरणही ठेवता येतं, पण भाकर सगळ्यांना तव्यावरचीच लागते. आधी सासूबाई-मामंजी बसतात, त्यांना गरम भाकर. मग मुलं, मग दुकानातून आलेले 'हे'. शेवटची भाकर उतरते तेव्हा खिडकीबाहेरचा उजेड जवळजवळ संपलेला असतो आणि करणारीचं जेवण अजून व्हायचंच असतं. मग ती ओट्यापाशी उभ्याने चार घास घाईघाईने खाते, नाही तर "मला आज फारशी भूकच नाही" म्हणून तशीच झोपते.

रात्रिभोजन त्याग हा सगळ्या घराचा नियम. त्याची ओढाताण मात्र एकटीच्या वाट्याला येते. हे मी गेली चाळीस वर्षं बघते आहे, माहेरी नांदेडला, सासरी लातूरला, जावांकडे आणि मैत्रिणींकडेही. म्हणून हल्ली मुली मोबाईलवर जो 'बनशिवाय बर्गर' दाखवतात, त्याच्याकडे मी वजनाच्या काट्यापेक्षा संध्याकाळच्या घड्याळाच्या बाजूने बघते. माझं मत सरळ आहे. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आपल्या घरात हा प्रकार व्हावा. त्या दिवशी तव्यावर भाकर नसते, त्यामुळे करणारीही सगळ्यांच्या पंगतीत आणि सूर्यास्ताच्या आधी जेवते. साखर ताब्यात राहायला मदत होते, हा दुसरा फायदा. तोही लहान नाही.

आधी हा पदार्थ काय आहे ते बघू. बर्गर म्हणजे गोल पावाच्या दोन अर्धुकांत दाबलेली टिक्की. पाश्चात्त्य देशांत ती मांसाची असते. आपल्याकडे १९९६ साली मॅकडोनाल्डची पहिली दुकानं दिल्ली-मुंबईत उघडली आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर गावोगाव पोचला. ज्यांना वजन किंवा साखर कमी करायची असते ते तिकडे पाव काढून टाकतात आणि टिक्की लेट्यूसच्या मोठ्या पानात गुंडाळून खातात. पाव-साखर सोडून बारीक होण्याची ही कल्पना जुनीच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बिअर, बटाटा सोडून वजन उतरवलं आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की इंग्रजीत वजन उतरवण्यालाच त्याचं नाव पडलं.

आपल्या लातूरला तर ह्या विषयाची ओळख करून द्यायला नकोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांची दिवसातून दोनच वेळा जेवायची पद्धत महाराष्ट्रभर पसरली. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून त्यांनी ती उचलली, हे ते स्वतः सांगतात. दोन वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही, गोड कमी करायचं आणि ४५ मिनिटं चालायचं. त्या काळात आमच्या गल्लीत पहाटे चालणाऱ्यांची जत्रा असायची.

तेव्हा आपल्या समाजात पुष्कळजणी म्हणाल्या, "ह्यात नवीन ते काय? आपल्याकडे एकाशन आहे, दोन वेळचं जेवण आहे, रात्रीचं तर खातच नाही." बोलणं खरं आहे. संध्याकाळी साडेपाचला जेवलेली बाई सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, थांबून तोंडात काही घालते. तेरा-चौदा तासांचा उपास रोज आपोआप घडतो. मग आपल्या घरांत शुगरच्या गोळ्यांचे डबे कसे? मला वाटतं, आपण वेळ पाळली पण ताट बघितलं नाही. संध्याकाळच्या त्या एका ताटात दोन भाकरी, वर मसालेभात नाही तर खिचडी, शेजारी पापड आणि शेवटी गुळाचा खडा. रात्रभर काही मिळणार नाही म्हणून आधीच दाबून जेवायचं. वरण नावाला एक वाटी, तेही पातळ.

देशाचं चित्रही असंच आहे. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख निघाले. त्याच पाहणीच्या २०२५ सालच्या अहवालात असं आलं की आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के धान्य-साखरेसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसता तांदूळ किंवा मैदा सोडून गहू-ज्वारीचं पीठ घेतल्याने धोका फारसा कमी होताना दिसला नाही. त्यातला थोडा भाग काढून डाळी-दुधातली प्रथिनं घेणाऱ्यांत तो कमी दिसला. आपण "आम्ही पोळी सोडली, भाकरच खातो" म्हणून निर्धास्त असतो, त्यांनी हे लक्षात घ्यावं. भाकर चांगलीच आहे. प्रश्न ढिगाचा आहे.

मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण जमाखर्च मांडल्याशिवाय मला कुठलंही बोलणं पटत नाही. एका मोठ्या भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीत शंभरात जवळपास सत्तर भाग पिष्ट आणि दहा भाग प्रथिनं. म्हणजे दोन भाकरींत सुमारे ९५ ते १०० ग्रॅम पिष्ट आणि चौदा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. बाजारच्या एका बनमध्ये २५ ते ३० ग्रॅम पिष्ट, तेही मैद्याचं. आत बटाटा आला की आणखी.

आपण बटाटा पूर्वीच सोडला म्हणून खूश होऊ नका. 'जैन बर्गर' म्हणून ज्या कृती फिरतात त्यांत बटाट्याच्या जागी कच्चं केळं असतं, बांधायला ब्रेडचा चुरा आणि वरून कॉर्नफ्लोअर. नियम पाळला गेला, पिष्ट मात्र जागच्या जागी. त्यामुळे बन काढायचा तर टिक्कीही बदलावी लागते.

परदेशी कृती तशीच्या तशी आपल्याला चालतही नाही. लेट्यूसचं पान घ्या. चातुर्मासात आपल्यातल्या कितीतरी घरी पालेभाजी बंद असते, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने त्यांचा 'बन'च गेला. पत्ताकोबीचं पान घ्यावं, तर त्यात बारीक जीव असतात म्हणून बऱ्याच घरांत तो बाराही महिने येत नाही. टिक्की बांधायला अंडं तर नाहीच. मश्रूम नाही. कांदा, लसूण, आलं नाही. त्या लोकांचा मोठा सल्ला असतो की रविवारी वीस टिक्क्या करून फ्रीजरमध्ये टाका आणि आठवडाभर काढून भाजा. आपल्याकडे पिठालासुद्धा मर्यादा आहे, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. मग वाटलेली ओली डाळ रात्रभर ठेवायचा प्रश्नच येत नाही. आपला पदार्थ त्याच दिवशी भिजून, त्याच दिवशी वाटून, त्याच दिवशी संपला पाहिजे, आणि तरी सोपा असला पाहिजे.

आणखी एक गाठ आहे ती द्विदलाची. डाळीच्या टिक्कीवर दह्याची चटणी घालायची फॅशन आहे. डाळ आणि दही-ताक एकत्र आपण खात नाही. पनीर-चीजबद्दल घराघरांत वेगवेगळं मानतात. म्हणून मी वादात पडत नाही. दोन वेगळ्या टिक्क्या करते. एक डाळीची, तिच्यात आणि तिच्यासोबत दुधाचं काहीच नाही. दुसरी पनीरची, तिच्यात डाळ-बेसन काहीच नाही. एका जेवणात एकच प्रकार. तुमच्या घरी महाराजांनी किंवा माताजींनी वेगळं सांगितलं असेल तर ते प्रमाण.

डाळीची टिक्की, पाच माणसांसाठी. दीड वाटी मुगाची डाळ, साधारण पाव किलो, दुपारी एकच्या सुमारास निवडून भिजत घाला. चार वाजता पाणी पूर्ण निथळून अगदी कमी पाण्यात भरड वाटा. शंभर ग्रॅम सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळा आणि मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. लातूरच्या बाजारात तूर आणि सोयाबीनचे ढीग लागतात, पण आपल्याच स्वयंपाकघरात सोयाबीन फारसं येत नाही, याचं मला नवल वाटतं. दोन्ही एकत्र करून त्यात हिरवी मिरची, जिरं, ओवा, हिंग, हळद, सुंठपूड, मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचा कूट घाला. चातुर्मास नसेल तर कोथिंबीर. दुधी किंवा दोडका किसून, पिळून एक वाटी घातला तर टिक्की आतून मऊ राहते.

आता बांधायचं कशाने? आपल्या मराठवाड्याच्या जवसाने. जवस भाजून पूड करा, तीन मोठे चमचे पूड अर्धी वाटी कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. ते चिकट होतं आणि टिक्कीला धरून ठेवतं. परदेशात अंड्याऐवजी हेच वापरतात आणि आपण मात्र जवस फक्त चटणीपुरता ठेवला. तळहाताएवढ्या पंधरा टिक्क्या थापा, दोन्ही बाजूंना तीळ दाबा आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर भाजा. झाकण ठेवा म्हणजे डाळ आतपर्यंत शिजते. एका घाण्याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. दोन तवे लावले तर अर्ध्या तासात सगळं आटोपतं.

पनीरची टिक्की. त्याच पाच माणसांना अर्धा किलो पनीर लागतं. घरी करायचं तर तीन लिटर दूध धरा, लिंबाच्या रसाने फाडा. पनीर चांगलं मळून घ्या. त्यात किसून पिळलेली ढोबळी मिरची, मिरपूड, जिरेपूड, मीठ, जवसाची पूड कोरडीच तीन-चार चमचे आणि एक चमचा ज्वारीचं पीठ. ही टिक्की पाच-सहा मिनिटांत होते. घाईच्या दिवशी हीच बरी. खर्च मात्र डाळीच्या टिक्कीपेक्षा बराच जास्त, म्हणून आमच्याकडे आठवड्यात एकदाच.

आणि बनच्या जागी? काहीच नाही. दोन टिक्क्या हेच वरचे आणि खालचे झाकण. मध्ये काकडीचे जाड काप, टोमॅटोची चकती आणि शेंगदाण्याची नाही तर तिळाची घट्ट चटणी. पनीरच्या टिक्कीत चीजचा काप चालतो, पाकिटावर हिरवा ठिपका आणि आतले घटक दोन्ही वाचा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नसेल तर टिक्कीतही दुधी-ढोबळी मिरची टाळा, मध्ये फक्त चटणी लावा. बाटलीतलं केचप शक्यतो नकोच. त्यात साखर भरपूर असते आणि पुष्कळ केचपमध्ये कांदा-लसूणही. टोमॅटो शिजवून, गाळून, जिरं-मिरपूड घालून दहा मिनिटांत घरचं होतं.

आता पुन्हा हिशेब. डाळीच्या तीन टिक्क्या खाल्ल्या तर साधारण ३५ ते ४० ग्रॅम पिष्ट आणि वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं. दोन भाकरींच्या मानाने पिष्ट निम्म्याहून कमी, प्रथिनं जास्त. पनीरच्या टिक्कीत पिष्ट नाममात्र आणि प्रथिनं अठरा-वीस ग्रॅम, पण स्निग्धही वीस ग्रॅमच्या पुढे. म्हणून पनीरचं ताट रोज नको. डाळीत पिष्ट नसतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मुगाच्या डाळीत शंभराला साठ भाग पिष्टच आहे. फरक एवढा की सोबत चोवीस भाग प्रथिनं आणि बराचसा चोथा येतो.

ह्या हिशेबात न दिसणारी एक बाजू आहे, ती वेळेची. सगळ्या टिक्क्या एकदम ताटात जातात. भाकरीसारखी एकेक वाढायची नसते. पाच वीसला गॅस बंद, साडेपाचला सगळे बसले, करणारीसुद्धा. मी नांदेडला वाढले. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एकच अन्न आणि एकच ओळ, हे लहानपणापासून पाहत आले. आपल्या घरात मात्र आधी कोण, नंतर कोण, गरम कुणाला, गार कुणाला, ह्याच्या पायऱ्या असतात. ह्या टिक्कीने त्या दोन-तीन दिवसांपुरत्या तरी मोडतात. माझ्या सूनबाई बँकेत आहेत. त्यांची सुटी असते त्या शनिवारी आम्ही दोघी मिळून करतो, आणि आम्हा दोघींनाही बसून जेवायला मिळतं.

पण कामाच्या दिवशी त्यांना यायला साडेसहा होतात, मग त्यांचं काय? मुलांचं काय? आपलं लातूर शिकवणीचं गाव. नीटच्या तयारीची मुलं सकाळी बाहेर पडतात ती रात्री आठला येतात. कितीतरी आया म्हणतात, "क्लास सुरू झाला आणि आमच्या मुलाचा नियम सुटला." गार भाकर-भाजीचा डबा मुलं क्लासच्या पायरीवर बसून खात नाहीत, लाजतात. टिक्की हातात धरून पाच मिनिटांत खाता येते, सांडत नाही, कुणी बघितलं तर बर्गरच दिसतो. त्या दिवसांपुरतं भिजवणं-वाटणं सकाळी करा आणि डब्यात चार टिक्क्या द्या. साडेपाचच्या सुटीत मुलगा जेवला तर त्याचा नियमही राहतो आणि वडापावचे पैसेही वाचतात. आमच्या सूनबाईंचा डबाही असाच जातो. वाढत्या मुलांच्या डब्यात एक भाकर किंवा पोळी नक्की ठेवा. त्यांना पिष्ट तोडायचं कारण नाही.

काहीजणी विचारतील, मग बर्गर कशाला म्हणायचं, टिक्की म्हणा, वडी म्हणा. ज्यांना वडी म्हणायचं त्यांनी म्हणावं. आमच्या नातवाला 'मुगाच्या वड्या' म्हटलं तर तो साडेपाचला खेळ सोडून येत नाही, 'बर्गर' म्हटलं की येतो. नावापेक्षा तो वेळेवर ताटावर बसला हे मला महत्त्वाचं. दुसरं म्हणणं असं येतं की भाकर हा आपला मान आहे, दुष्काळात ज्वारीनेच मराठवाडा जगवला. मला हे अगदी मान्य आहे. सकाळच्या जेवणात भाकर असावीच. सकाळी तव्यापाशी उभं राहणारीला सूर्यास्ताचा धाक नसतो, आणि दिवसभर हालचाल असल्याने पिष्ट खर्चही होतं.

आता एक गोष्ट जपून सांगते, कारण ती जिवाशी आहे. ज्यांना साखरेच्या गोळ्या आहेत किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी संध्याकाळची भाकर एकदम बंद करू नये. औषध तेवढंच घेतलं आणि पिष्ट निम्म्यावर आलं, वर तेरा-चौदा तास पोटात काही नाही, तर रात्री साखर खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो. आपल्या नियमात रात्री पाणीही नसेल तर घरचे साखर द्यायला कचरतात. असं होऊ देऊ नका. आधी डॉक्टरांना सांगा की आम्ही सूर्यास्तानंतर खात नाही आणि आता धान्य कमी करणार आहोत. ते औषधाचं प्रमाण ठरवून देतील. नियम घेताना आजारपणासाठी औषध-पाण्याची सवलत ठेवता येते, ती महाराजांना विचारून आधीच ठेवा. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी डाळ-पनीर वाढवण्याआधी विचारावं. गरोदर मुलीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हा प्रयोग नकोच, तिला टिक्कीसोबत भाकरही वाढा.

आणि शेवटी धर्माचं. हल्ली असं बोलायची पद्धत पडली आहे की आपला धर्म म्हणजेच डाएट, आपल्या आचार्यांना हे सगळं आधीच माहीत होतं. मला हे पटत नाही. बाह्य तपांत अवमौदर्य सांगितलं आहे, आपण त्याला ऊनोदर म्हणतो. भुकेपेक्षा चार घास कमी खायचं. त्याचा हेतू कंबर बारीक करणं नाही. जिभेची ओढ कमी व्हावी, हा आहे. चीज भरून चार टिक्क्या खाल्ल्या आणि पिष्ट कमी झालं, तर साखरेच्या तपासणीत फायदा दिसेल, ऊनोदर घडलं असं होणार नाही. उलट दोन भाकरींची भूक असताना दीड खाऊन उठली, तिचं तप घडलं, तिथे कुणी प्रथिनं मोजत नाही. दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवावेत.

एका ठिकाणी मात्र ते एकमेकांना लागून आहेत. ज्या घरात नियम पाळायचा म्हणून एक बाई रोज उपाशी किंवा उभ्याने जेवते, त्या घराने नियम अर्धाच पाळला असं मी म्हणेन. अहिंसा किड्या-मुंगीपासून सुरू होते हे आपण मुलांना शिकवतो. त्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या पोटाकडेही कुणी बघायला हवं. आणि ते दुसरं कुणी बघत नसेल तर तिनेच आपल्या हाताने सोय करून घ्यावी. त्यात स्वार्थ नाही आणि आळसही नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एक दिवस ठरवा. दुपारी एकला डाळ भिजत घाला आणि घरात सांगून ठेवा, आज भाकर नाही, सगळ्यांनी साडेपाचला एकदम बसायचं आहे. कुणी कुरकुर केली तर करू द्या, दोनदा खाल्लं की सवय होते. ताटं मांडताना आपलंही ताट त्याच ओळीत मांडा.

जय जिनेंद्र.